रुग्णाजवळ बसताना रडू आवरणं

आजारी माणसासमोर रडू आवरणं हा खोटेपणा आहे, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. आवरणं वेगळं, लपवणं वेगळं. आजाराचं निदान लपवलं तर चेहऱ्यावरून रुग्णाला संशय येतोच, आणि तो एकटा पडतो. आवरताना फक्त रडायची वेळ आणि जागा निवडायची आहे.

वॉर्डात शिरण्याआधी जिन्यातच थांबा. ४ मोजत श्वास आत, ६ ते ८ मोजत बाहेर, असं २-३ मिनिटं. उच्छ्वास लांबला की छातीची धडधड उतरते. दात आवळून, श्वास कोंडून रडू दाबू नका; गळा दाटतो आणि पहिल्याच वाक्याला बांध फुटतो. आत उभ्यानं बोलू नका, खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. "मलाही वाईट वाटतंय, पण मी इथेच आहे" एवढं जरूर सांगा. मग गप्प राहा. ती शांतता भरायची घाई करू नका, मनातलं बाहेर येतं ते बहुतेकदा तिथेच.

दिवसभर आवरलेलं रात्री कुणाजवळ तरी मोकळं करायलाच हवं. सतत दाबून दुःख कमी होत नाही, शरीरावरचा ताण तेवढा वाढतो. कर्करोग असेल तर पुण्यात वारज्याच्या सिप्ला केंद्रात (तिथे कर्करोगाच्या रुग्णांचा त्रास हलका करणारी उपशामक सेवा मिळते) रुग्णाबरोबर घरच्यांशीही बोलतात.