मदत हवी आहे: इटलीतल्या कियांती भागातल्या कच्च्या रस्त्यांसाठी टायर कोणते?

ऑक्टोबरमध्ये बायको आणि मी इटलीत सिएना, राद्दा, गायोले असे चार दिवस माउंटन बाईकवर फिरणार आहोत. द्राक्षमळ्यांमधले पांढऱ्या खडीचे रस्ते, 'स्त्रादे बियांके', यासाठीच तर जातोय. 'एरोइका' या तिथल्या जुन्या सायकलींच्या प्रसिद्ध राइडचा २०९ किमीचा मार्ग पूर्ण करायचा नाही. चढ बरेच आहेत आणि जुनी गावं निवांत बघायची आहेत, त्यामुळे रोज ३५-४० किमी पुरे. सायकली पुण्याहूनच नेतोय: २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन), ट्यूबलेस, २.२५ इंच रुंद, जाड नक्षीचे टायर. सिंहगडाच्या बाजूला कोरड्या खडीवर २५ पीएसआयला पकड उत्तम मिळाली, पण डांबरावर फार जड जातात. गुळगुळीत टायर लावून पाहिले, तर उतारावर मागचं चाक सरकलं. पावसात तिथली पांढरी धूळ लगदा होऊन चेनमध्ये बसते म्हणे. ओल्यात तिथे चालवलेल्यांनी कृपया सांगा: हेच ठेवू, की २.०चे कमी नक्षीचे बसवू?