व्हर्जिनियाच्या जुन्या दस्तात सगळ्या सह्या एकाच हाताच्या कशा?

जुनाकागद:
हौस म्हणून व्हर्जिनियाच्या एका काउंटी कोर्टाच्या डीड बुकचे (जमिनीचे दस्त नोंदवायची वही) स्कॅन वाचतोय, १७३० च्या आसपासचे, आणि एका दस्तावर पार अडकलोय. विकणारा, दोन साक्षीदार, सगळ्यांच्या सह्या एकाच वळणाच्या, वरचा मजकूरही त्याच अक्षरात. बनावट आहे का हा? आणि किंमत बघा, ३०० एकर फक्त ५ शिलिंगला, वर वर्षाचा खंड मिरीचा एक दाणा!! तारीख पण १७३१/२ लिहिलीये, क्लर्कला साल नक्की माहीत नव्हतं की काय?

बोरूबहाद्दर:
बनावट नाही हो, नक्कल आहे ती. मूळ दस्त कोर्टात आणायचा, विकणाऱ्याने कबुली द्यायची नाहीतर साक्षीदारांनी शपथेवर सांगायचं, मग क्लर्क तो शब्दन् शब्द वहीत उतरवणार आणि मूळ कागद मालकाला परत. सह्याही त्यानेच उतरवलेल्या. सही न येणाऱ्याच्या नाव-आडनावाच्या मधे खूण असते, वर 'हिज' खाली 'मार्क', आणि काही क्लर्क ती खूणसुद्धा हुबेहूब काढायचे. एकाच नावाचे दोघे निघाले की ही खूणच कामाला येते, बघून ठेवा.

साल तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणून १ जानेवारीपासून तोवरच्या तीनेक महिन्यांना दोन्ही सालं, एक त्या जुन्या हिशोबाचं आणि एक १ जानेवारीपासून मोजलेलं. तुमचा दस्त आपल्या हिशोबाने १७३२ चा. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्मही मुळात ११ फेब्रुवारी १७३१/२ चा, १७५२ ला कॅलेंडरमधून ११ दिवस उडवले म्हणून तो २२ फेब्रुवारी झाला.

मिरीदाणा:
आधी पान उलटा!! हा नुसता लीज आहे, एक वर्षाचा भाडेपट्टा. रिलीज, म्हणजे हक्क सोडल्याचा दस्त, पुढे असेल, बहुतेक दुसऱ्याच दिवसाचा, खरी किंमत त्यात. जमिनीवर जाऊन मातीचं ढेकूळ नि डहाळी हातात देऊन ताबा द्यायचा जुना विधी टाळायला इंग्लंडातल्या वकिलांनी काढलेली पळवाट आहे ही, आधी कागदोपत्री भाडेकरू करायचं आणि मग मालकाने उरलेला हक्क सोडायचा. मी एकदा त्या ५ शिलिंगवरून एक अख्खं कुटुंब कंगाल ठरवून बसलो होतो, नंतर कळलं चांगले खातेपिते होते.

जुनाकागद:
उलटलं. आहे रिलीज, दुसऱ्याच दिवसाचा, १२० पौंड! पण खाली विकणाऱ्याच्या बायकोला 'एकांतात विचारलं' अशी नोंद आहे, ते काय?

बोरूबहाद्दर:
डावर. नवरा वारला की त्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर तिचा हयातभर हक्क, नवऱ्याने आधी विकली असली तरी. म्हणून तिला बाजूला घेऊन विचारायचे, राजीखुशीने सोडतेस का. ती नोंद नसती तर घेणाऱ्याच्या डोक्याला पुढे ताप होता.