गावातलं देशीचं दुकान बंद करायचंय: सह्या किती, मतं किती?

पंचगंगाकाठ: करवीर तालुक्यातलं गाव. देशीचं दुकान आणि शेजारीच बिअर शॉपी. बचत गटाच्या बायका सह्या गोळा करतायत. महिला मतदार साधारण 1200. सह्या किती लागतात, द्यायच्या कुणाकडे? दुकान शाळेजवळ आहे, त्या मुद्द्यावर परवाना रद्द होईल का?

आडवी_बाटली: ताई, राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, म्हणजे तुमच्याकडे 300. पण चारशेच्या पुढं जा, पडताळणीत बऱ्याच गळतात. सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत असतं, नाहीतर एकीनंच घरातल्या तिघींच्या सह्या ठोकलेल्या असतात. प्रत्येक ओळीत यादीचा भाग, अनुक्रमांक, ओळखपत्राचा नंबर आणि मगच सही. अर्ज राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांकडे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. दोन्हीकडं पोच घ्या. देशी म्हणजे सीएल-3 आणि बिअर शॉपी म्हणजे एफएल/बीआर-2, दोन्ही परवान्यांचा अर्जात स्पष्ट उल्लेख करा.

सह्या भरल्या की गावातल्या महिलांचं मतदान होतं, आणि खरी मेख त्या मतदानात आहे. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. आडवीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, तीही झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या. 700 जणी आल्या आणि 590 जणींनी बाटली आडवी केली, तरी दुकान चालूच. 601 पाहिजेत. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच पथ्यावर पडते.

म्हणून सह्यांच्या आधी यादी हातात घ्या. मयतांसाठी फॉर्म 7 भरा. लग्न होऊन गेलेल्या मुलींना सासरच्या पत्त्यावर फॉर्म 8 भरायला लावा. पन्नास नावं कमी झाली तर पंचवीस मतांचं ओझं उतरतं. भांगलणीचे दिवस आणि जोतिबाची यात्रा टाळून तारीख मागा.

मोजपट्टी: शाळेच्या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नका. अंतराची अट महापालिका हद्दीत 75 मीटर, खेड्यात 100. पण मोजणी सरळ रेषेत होत नाही. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून शाळेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत, माणूस चालत जातो त्या जवळच्या वाटेनं मोजतात. नकाशावर 80 मीटर दिसणारं दुकान वळसा धरला की सहज 110 वर जातं. तरी टेपनं मोजून ठेवाच. आणि बिअर शॉपीत बसून प्यायला परवानगी नसते. दारात बाटल्या फुटत असतील तर तारीख-वेळेचे फोटो काढून आताच लेखी तक्रार करा, मतदानाची वाट बघू नका. 21 च्या आतल्या पोराला बिअर देणं हाही गुन्हाच, देशीला तर वय 25 लागतं.

घाटवाट: बाटली आडवी झाली की गाफील राहू नका. दुकान बंद झालं की एखाद्या परड्यात हातभट्टी, नाहीतर गोवा बनावटीची चोरून येते, आणि ती परवान्याच्या दारूपेक्षा घातक. दारूबंदी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनं ग्रामरक्षक दलाची, म्हणजे चोरटी दारू रोखणाऱ्या गावकऱ्यांच्या पथकाची, तरतूद झाली आहे, त्याची तयारी ग्रामसभेत आत्ताच सुरू करा. विकणारा तोच तोच असेल तर त्याच कायद्याच्या कलम 93 खाली त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेण्याची लेखी मागणी करा. नुसता छापा पडला तर चार दिवसांत धंदा पुन्हा सुरू होतो. बाँड मोडला तर पैसे भरावे लागतात.