टॅलीत डेटा स्प्लिट करण्याआधी जुनी खाती तपासायची की सरसकट राइट ऑफ?

जमाखर्च_सांगली:
आमच्या प्रायव्हेट लिमिटेडचा २०१७ पासूनचा डेटा टॅलीत (हिशेबाचं सॉफ्टवेअर) एकाच कंपनीत, म्हणजे एकाच वहीत, आहे. आता मार्च २०२२ पर्यंतचा स्प्लिट करून वेगळा काढायचाय. सन्ड्री डेटर्समध्ये (ज्यांच्याकडून येणं आहे त्या पार्ट्या) शंभरएक खाती नुसती पडून आहेत, कुठे ४० रुपये, कुठे २,०००. ऑफिसात म्हणतात, एक जर्नल नोंद मारा, सगळं बुडीत म्हणून राइट ऑफ करा आणि मोकळे व्हा. मला हे अजिबात मान्य नाही. परवा एका खात्याला बरोबर २,००० नावे दिसले. २०१९ चं बिल, एक लाख अधिक १८,००० जीएसटी. बँकेत आले १,१६,०००. पार्टीने २ टक्के टीडीएस (आपल्या नावाने सरकारात भरायचा कर) कापलेला, नोंद आपणच घातली नव्हती. हे बुडीत कसं म्हणायचं?

तेरीज:
दादा, २०१९ चा टीडीएस शोधून आता काय करणार? रिटर्नमध्ये मागायची मुदत कधीच गेली. आणि ४० रुपयांच्या कन्फर्मेशनसाठी कोणी फोनही उचलत नाही. ५०० च्या खालचं सगळं उडवा, नॅरेशन (नोंदीखालचा खुलासा) नीट लिहा, ऑडिटरला आधी दाखवा. मी दोनदा असंच केलंय, काही अडलं नाही.

लेखापाल_ताई:
मुळात स्प्लिटच करू नका. नव्या कंपनीत नुसता ओपनिंग बॅलन्स (आधीची शिल्लक) येतो, जुनं व्हाउचर बघायचं तर दुसरी कंपनी उघडा. कंपनी कायद्याने वह्या ८ वर्षं ठेवायच्याच आहेत, जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. नोटीस आली की धावपळ तुमचीच.

जमाखर्च_सांगली:
ताई, मूळ कंपनीचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवणार आहे. पण डेटा इतका जड झालाय की रिपोर्ट उघडेपर्यंत चहा होतो.
तेरीज, टीडीएस गेला हे कबूल. पण पैसे पूर्ण देणारा माणूस आपल्या वह्यांत बुडवा ठरतो, ते मला सहन होत नाही. आणखी एक खातं बघा: बाकी शून्य, म्हणून कोणी उघडलंच नाही. आत ३५,००० चं बिल येणे आणि तेवढेच ऑन अकाउंट, म्हणजे कुठल्याच बिलाला न जोडता, जमा. आउटस्टँडिंगमध्ये ते बिल थकलेलं दिसतं, आमचा वसुलीचा मुलगा त्यांना दोनदा फोन करून बसला! ५०० ची मर्यादा इथे काय कामाची?

तेरीज:
शून्य बाकीचा मुद्दा पटला, ती खाती मीही उघडली नव्हती. चाळीस रुपयांवर मात्र माझं मत तेच.

लेखापाल_ताई:
मग ही झाडलोट स्प्लिटपर्यंत का थांबवायची? आम्ही दर तिमाहीला २६एएस (आपल्या नावावरच्या टीडीएसचा आयकर खात्याचा उतारा) लावून बघतो, ऑन अकाउंट तेव्हाच बिलाला जोडतो.