स्वयंपाकघरातल्या जुन्या कपाटांना घरीच अँटिक लूक कसा द्यावा?

कृष्णाकाठ:
आमचं सांगलीतलं घर १९८४ सालचं. ओट्याखालची चार कपाटं आणि भिंतीतलं फडताळ सासऱ्यांनी तेव्हाच सुताराला घरी बसवून करून घेतलं. चौकटी सागवानी आहेत. दारं कशाची ते आता ओळखू येत नाही, कारण दर दोन-तीन दिवाळ्यांना वरून ऑइलपेंटचा हात फिरत गेला. सध्याचा रंग पिस्ता. शेगडीजवळच्या दारांवर फोडणीचा चिकट थर बसलाय आणि मुठीपाशी पिस्त्याखालचा तपकिरी, त्याखालचा निळा असे थर दिसतात.

सगळे म्हणतात, काढून टाक, ट्रॉल्या बसव. मला ती काढायची नाहीत. डावीकडच्या दाराच्या आतल्या बाजूला सासूबाईंनी १९९१ पासून गॅसचं सिलिंडर लावल्याच्या तारखा पेन्सिलीने लिहिल्यात. सासूबाई आता नाहीत. ते दार माझ्या डोळ्यांसमोर कोणी भंगारात नेलेलं मला बघवणार नाही.

मला वरून क्रीम रंग आणि कडांना झिजलेलं लाकूड असं रूप हवंय. व्हिडिओ बघून एका सुट्या फळीवर करून पाहिलं, पण ती जुनी दिसत नाही, खरवडल्यासारखी दिसते. काय चुकलं? आणि चॉक पेंट, म्हणजे खडूसारखा बिनचमकीचा दिसणारा रंग, घरी करता येतो का?

रंधा_पटाशी:
ताई, तुम्ही फळी सगळीकडे सारखी घासली असणार. लाकूड असं झिजत नाही. वडील सुतार होते, त्यांच्याबरोबर वाड्यांतली बरीच कपाटं दुरुस्त केली. झीज तिथेच असते जिथे हात, पदर, भांडं, पाय लागतो. मुठीभोवती, दाराच्या उघडणाऱ्या कडेला, खालच्या कोपऱ्याला जिथे केरसुणी आपटते. बिजागरीच्या बाजूला जवळजवळ नसते. तुमच्या दारांवर चाळीस वर्षांनी ही खूण आधीच करून ठेवलीय. रंगवण्याआधी मोबाइलवर प्रत्येक दाराचा फोटो काढा आणि नंतर तिथेच घासा.

आधी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून तेल काढा, मग साध्या पाण्याने पुसून दोन दिवस वाळू द्या. चिकटपणा राहिला तर वरचा कोणताही रंग पापुद्र्याने सुटेल. मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने नुसती चकाकी मारा, प्रायमर द्या, त्यावर गडद तपकिरी रंग. तो वाळला की फोटोत झीज दिसते त्या जागी साधी पांढरी मेणबत्ती घासा. वरून क्रीमचे दोन हात. पूर्ण वाळल्यावर मेणाच्या जागी पेपर हलका फिरवला की क्रीम सुटतो आणि खालचा तपकिरी दिसतो. मेण लागलं नाही तिथे रंग घट्ट राहतो. हात जपून चालवा, कमी घासलेलं वाढवता येतं.

चॉक पेंट घरी होतो. इमल्शनच्या एका वाटीला दोन-तीन चमचे प्लास्टर ऑफ पॅरिस, आधी पाण्यात गुठळ्या मोडून. पण ते लवकर आवळतं, म्हणून लागेल तेवढंच कालवा. शेवटी पाण्यातला मॅट पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे बिनचमकीचं पारदर्शक वॉर्निश, दोन हात द्या. नुसतं मेण शेगडीजवळ चालत नाही, उष्णतेने मऊ होतं आणि त्यावर तेल-धूळ चिकटते.

नीलमोहर:
एक गोष्ट कळकळीने सांगते. जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे तुमच्या खालच्या थरांत शिसं असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. पाणी मारून ओला वॉटर पेपर वापरा, खाली जुनी चादर अंथरा, पुसलेली फडकी फेकून द्या. डबे-भांडी आधी दुसऱ्या खोलीत न्या. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना त्या दिवसांत तिथे फिरकू देऊ नका.

पितळेच्या जुन्या मुठी हव्या असतील तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नवीन चकचकीत मूठ लावली तर सगळी मेहनत वाया जाईल.

कृष्णाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. नात चार वर्षांची आहे, म्हणून तिला आठवडाभर लेकीकडेच राहू दिलं आणि ओलं घासूनच काम केलं. फडताळ आणि दोन दारं झाली. शेगडीजवळच्या दाराला सोड्याचे तीन हात लागले, पाणी चहासारखं काळं निघत होतं. मुठीभोवती मेणबत्ती घासली, आणि तिथे जे तपकिरी दिसतंय ते आमच्या हातांनीच झिजलेलं वाटतं. खालच्या कोपऱ्यात जरा जास्त घासलं गेलं, तिथे पुन्हा क्रीम लावला.

डावीकडचं दार आतून तसंच ठेवलंय. बाहेर क्रीम, आत कोरी फळी आणि तारखा. पेन्सिल पुसू नये म्हणून आतून क्लिअर लावला तर चालेल का, रंधा_पटाशी? ब्रशने अक्षरं फिसकटतील अशी भीती वाटते.

रंधा_पटाशी:
ब्रश नको. स्प्रे कॅनमधला मॅट क्लिअर घ्या, हातभर अंतरावरून दोन-तीन पातळ फवारे, मध्ये वाळू द्या. खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद. आणि त्याआधी त्या तारखांचाही फोटो काढा.