जेवणाआधीची प्रार्थना आणि पोपटपंची
लहान मुलांकडून जेवणाआधी प्रार्थना म्हणवून घेणे ही निव्वळ पोपटपंची आहे, या मताशी मी निम्मी सहमत आहे. माझी मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा असून, तो डोळे मिटल्याचे नाटक करीत बोटांच्या फटीतून वरणभातावरच्या तुपाकडे पाहत असतो. तरीही येशूने शिष्यांना शिकवलेल्या ‘प्रभूच्या प्रार्थने’च्या मराठी भाषांतरात आपण ‘रोजची भाकर’ मागतो, आणि हा शब्द त्यांना समजावून सांगावा लागत नाही, कारण भाकर तव्यावर फुगताना ती दोघे पाहतात. उपासनेची भाषा अशी घरचीच वाटावी, यात १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांच्या अभंग-भजनांचा वाटा मोठा आहे.

कृतज्ञतेचे म्हणाल तर, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला परततो तो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांतला. ही गोष्ट ऐकून मुलीने विचारले, "मग बाकीचे नऊ जण पुन्हा आजारी पडले का?" तसे काही लिहिलेले नाही, येशू फक्त ते कुठे आहेत, असे विचारतो. तेव्हापासून ‘थँक्यू म्हण’ म्हणून मुलांच्या मागे लागणे मी सोडले आहे (रागावणे सुटलेले नाही, ते निराळे). मात्र तिने पाण्याचा तांब्या आणून दिल्यावर मी गप्प राहिले, की आता तीच मला विचारते, "नऊ जण कुठे गेले?"