डिस्टिलरी की बायोगॅस प्रकल्प? पगार, कायमपणा आणि कौशल्य यांबद्दल मार्गदर्शन हवे

भीमाकाठ:
नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातला असून यंदा रसायनशास्त्रात बी.एस्सी. पूर्ण केले आहे. धाकटा भाऊ आयटीआयमध्ये अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट या ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या भागात साखर कारखाने भरपूर असल्यामुळे नोकरीचा विषय निघाला की प्रत्येकजण डिस्टिलरीचे, म्हणजे कारखान्याच्या अल्कोहोल-इथेनॉल प्रकल्पाचे, नाव घेतो, आणि हल्ली त्यात प्रेसमडपासून (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून) बायोगॅस तयार करणाऱ्या प्रकल्पांची भर पडली आहे. एका सहकारी कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅब केमिस्टची हंगामी जागा मला मिळू शकते. एका खासगी बायोगॅस प्रकल्पात ठेकेदारामार्फत घेण्याची तयारीही दाखवली गेली आहे आणि तिथे हातात पडणारी रक्कम थोडी जास्त आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजीचे शिक्षण घ्यावे, असाही विचार मनात आहे. परंतु घरची परिस्थिती पाहता वर्षभर बिनपगारी राहणे अवघड आहे. पगार, कायम होण्याची शक्यता आणि पुढे उपयोगी पडेल असे कौशल्य, या तिन्ही बाजूंनी या क्षेत्रात काम केलेल्यांनी सांगावे. ग्रीन हायड्रोजनची वाट पाहण्यात अर्थ आहे का, हेही कळले तर बरे होईल.

निवृत्त डिस्टिलरी इनचार्ज:
आपण दोन्ही ठिकाणचा पगार विचारला आहे, पण त्याआधी एक प्रश्न कारखान्याला विचारा: स्पेंटवॉशची (अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याची) विल्हेवाट कशी लावता? एक लिटर अल्कोहोलमागे साधारण आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश निघतो आणि तो बाहेर सोडण्यास पूर्ण बंदी आहे. जिथे तो प्रेसमडवर फवारून कंपोस्ट केले जाते, तिथे पावसाळ्यात कंपोस्ट यार्ड चालत नाही, म्हणून डिस्टिलरीही बंद ठेवावी लागते. जिथे स्पेंटवॉश आटवून जाळणारा इन्सिनरेशन बॉयलर बसवला आहे, तिथे गाळप संपल्यावरही साठवलेल्या मळीवर (मोलॅसिसवर) प्रकल्प चालू राहतो. म्हणजे तुमची नोकरी पाच महिन्यांची की जवळजवळ वर्षभराची, हे नेमणुकीच्या कागदापेक्षा त्या बॉयलरवर जास्त ठरते.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि आठवड्याभरात १७ लाख टन साखरेइतकीच सवलत दिली. ज्यांनी केवळ रसाच्या भरवशावर कर्ज काढून क्षमता वाढवली होती, त्यांचे नियोजन भर हंगामात कोलमडले. निर्बंध ऑगस्ट २०२४ मध्ये उठले, तरी त्यातला धडा कामगारानेही लक्षात ठेवावा. २०२४-२५ साठी रसापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ६५.६१ रुपये आणि मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये दर होता. त्यामुळे धान्य आणि मळी दोन्हींवर चालणाऱ्या प्रकल्पातले काम अधिक टिकाऊ, असे माझे मत आहे.

केमिस्ट म्हणून रुजू झालात तर केवळ नमुन्यांच्या नोंदी करण्यात समाधान मानू नका. फर्मेंटरचे (आंबवण्याच्या टाकीचे) तापमान ३२-३३ अंशांच्या पुढे सरकू लागले, ब्रिक्स (द्रावणातील साखरेचे प्रमाण) उतरण्याचा वेग मंदावला आणि आंबटसर वास यायला लागला की संसर्ग झाला आहे, हे रिपोर्ट हातात येण्याआधी ओळखणाऱ्या केमिस्टला शेजारचे कारखाने स्वतःहून बोलावतात. आणि कोणीही कितीही घाई केली तरी रिकाम्या फर्मेंटरमध्ये हवा तपासल्याशिवाय उतरू नका. तळाशी साचलेला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहिल्याच्या घटना या उद्योगात घडलेल्या आहेत.

वेतनपत्रक:
मी कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये काम करतो, म्हणून पगाराच्या बाजूने लिहितो. सहकारी कारखान्याच्या स्वतःच्या हजेरीपटावर असलेल्या कामगाराला त्रिपक्षीय समितीच्या (कारखाने, कामगार संघटना आणि सरकार यांच्या) करारानुसार ग्रेड आणि महागाई भत्ता मिळतो. २०२५ मध्ये झालेल्या करारानुसार १ एप्रिल २०२४ पासून १० टक्के वाढ मान्य झाली आहे. ठेकेदाराच्या मस्टरवरील माणसाला हा करार सहसा लागू केला जात नाही. त्याचा आधार किमान वेतन एवढाच असतो, मग तो त्याच पॅनेलसमोर तेच काम करत असला तरी. मला हे मनापासून अन्यायकारक वाटते, परंतु वस्तुस्थिती तशी आहे आणि नोकरी पत्करण्याआधी ती तुम्हाला माहीत असलेली बरी.

हंगामी आणि कायम यांतला फरकही पहिल्या पगारात दिसत नाही, तो निवृत्तीच्या वेळी दिसतो. कायम कामगाराची ग्रॅच्युइटी दर वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाने मोजतात, तर हंगामी कामगाराची दर हंगामाला सात दिवसांच्या वेतनाने. बिगरहंगामात काम नसताना मिळणारा रिटेन्शन अलाउन्सही (भत्ताही) श्रेणीनुसार कमीजास्त असतो. म्हणून डिस्टिलरी वर्षभर चालत असेल तर ‘हंगामी’ या शब्दाखाली तुम्हाला प्रत्यक्षात किती महिने ठेवणार, हे लेखी मागा. खासगी प्रकल्पात जास्त दिसणाऱ्या रकमेत बारा तासांची पाळी गृहीत धरलेली नाही ना, हे तपासा. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने देणे कायद्याने बंधनकारक आहे. पीएफ कोणाच्या कोडवर भरला जातो आणि नेमणूकपत्रावर कोणाचा शिक्का आहे, एवढ्या दोन गोष्टींवरून खरा मालक कोण हे समजते.

गॅस प्रयोगशाळा, कोल्हापूर:
मी डिस्टिलरीतून बायोगॅसकडे आले, त्यामुळे दोन्हीकडचे थोडेफार पाहिले आहे. बायोगॅस प्रकल्पाला माणसे कमी लागतात, म्हणून प्रत्येकाला सगळे यावे लागते. सकाळी डायजेस्टरचा (जिथे प्रेसमड कुजून गॅस होतो त्या बंद टाकीचा) पीएच आणि आम्ल-क्षार गुणोत्तर काढायचे, दुपारी स्क्रबरनंतर (गॅस शुद्ध करणाऱ्या यंत्रणेनंतर) हायड्रोजन सल्फाइड किती उरला ते पाहायचे आणि संध्याकाळी कॉम्प्रेसरजवळ उभे राहून सिलिंडरच्या कॅस्केडमध्ये (एकत्र जोडलेल्या संचात) २५० बार दाबापर्यंत भरणा होईस्तोवर लक्ष ठेवायचे, असे माझे काम असते. प्रेसमड फक्त गाळपाच्या काळात मिळतो आणि उघड्यावर पडून राहिला की त्यातला गॅस निघून जातो. साधारण २५ टनांमागे एक टन गॅस मिळायचा, तो पावसाळ्यापर्यंत बराच घटतो. हा हिशेब ज्याला सांभाळता येतो त्याला व्यवस्थापन सहसा सोडत नाही.

मागणीची बाजू मला आश्वासक वाटते. सरकारने शहरी गॅस कंपन्यांना २०२५-२६ मध्ये १ टक्का, पुढच्या वर्षी ३, मग ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के बायोगॅस मिसळण्याचे बंधन घातले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोपरगावला सहकारी कारखान्याचा असा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा हे काम फक्त खासगी कंपन्यांपुरते राहिलेले नाही. महाराष्ट्राचे ग्रीन हायड्रोजन धोरण २०२३ मध्ये आले असले, तरी त्याची वाट पाहत घरी बसू नका. उच्च दाबाचा वायू, गळती शोधणे, इन्स्ट्रुमेंटेशन आणि परवान्यांची कागदपत्रे ही कौशल्ये तिथेही लागणार आहेत आणि ती आज बायोगॅसमध्ये शिकता येतात. मुलींनी या कामाकडे यावे असे मला फार वाटते. मात्र रात्रपाळीला ने-आण करण्याची सोय आहे का, हे त्यांनी आधी स्पष्ट करून घ्यावे.

भीमाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. सहकारी कारखान्यात चौकशी केली असता तिथे इन्सिनरेशन बॉयलर असल्याचे समजले, त्यामुळे आधी तिथे किती महिने काम मिळेल ते लेखी घेऊन रुजू व्हावे आणि अल्कोहोल टेक्नॉलॉजीचा विचार एका हंगामाच्या अनुभवानंतर करावा, असे ठरवत आहे. भावाला मात्र बॉयलरकडे वळायचे आहे. त्याच्या ट्रेडवरून ते शक्य आहे का?

निवृत्त डिस्टिलरी इनचार्ज:
शक्य आहे, पण त्याचा ट्रेड मुळात कंट्रोल रूमचा आहे आणि डीसीएस (संगणकावरून प्रकल्प नियंत्रित करणारी यंत्रणा) चालवणाऱ्या मुलांना सध्या चांगली मागणी आहे, म्हणून त्याने ती बाजू सोडू नये. बॉयलरवर जायचे असेल तर प्रथम तिथे सहायक म्हणून काम करून द्वितीय श्रेणीच्या बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्यावी लागते. ती राज्याच्या बाष्पके संचालनालयामार्फत होते. अनुभवाच्या दाखल्यावर बॉयलरचा नोंदणी क्रमांक आणि तापपृष्ठाचे (उष्णता पाण्याला देणाऱ्या पृष्ठभागाचे) क्षेत्रफळ नमूद असले पाहिजे. अनेक मुलांकडे नुसता ‘बॉयलर विभागात काम केले’ असा दाखला असतो आणि अर्ज तिथेच अडतो. ज्या दिवशी तो बॉयलरवर रुजू होईल त्याच दिवशी हे दोन्ही आकडे पाटीवरून उतरवून घ्यायला सांगा आणि काम सोडताना त्याच आकड्यांसह मुख्य अभियंत्याच्या सहीचा दाखला घ्यायला सांगा. ठेकेदाराच्या सहीवर विसंबू नका.